‘कॅलिफोर्निकेशन’च्या लॉसलेस प्रतीत आवाज फाटतो : दोष कुठे शोधावा आणि कुठे शोधू नये

रेड हॉट चिली पेपर्स या लॉस एंजेलिसच्या बँडचा ‘कॅलिफोर्निकेशन’ हा अल्बम ८ जून १९९९ रोजी प्रसिद्ध झाला. त्याची फ्लॅक प्रत, म्हणजे सीडीवरचे काहीही न गाळता दाबून साठवलेली लॉसलेस फाइल, बाळगणाऱ्या माणसाला कधी ना कधी वाटतेच की आपली फाइल बिघडलेली आहे. शीर्षकगीत लावावे; गिटारचे मोजके सूर आणि बास यांनी ते शांतपणे सुरू होते आणि सारे काही स्वच्छ वाटते. पुढे ध्रुवपदाशी सगळी वाद्ये एकत्र आली की अँथनी कीडिसच्या आवाजाला एक खरखरीत कड येते, ड्रमच्या प्रत्येक ठोक्यासोबत बारीक चरचर उमटते आणि झांजा कागद चुरगळल्यासारख्या वाजतात. ऐकणारा आधी हेडफोनवर संशय घेतो, मग केबलवर, मग रिपवर, म्हणजे सीडीवरून संगणकात उतरवलेल्या प्रतीवर. सीडी पुसून पुन्हा रिप करतो, चरचर जिथल्या तिथे राहते आणि वर्ष-दोन वर्षांनी नवा संगणक किंवा नवा हेडफोन आला की हेच चक्र पुन्हा सुरू होते.

मी स्वतः ही सीडी तीन निरनिराळ्या संगणकांवर, तीन निरनिराळ्या ड्राइव्हमधून रिप केली आहे आणि तिन्ही वेळा आकडे शेवटच्या बिटापर्यंत तेच निघाले. तेव्हा उत्तर आधीच सांगून टाकतो: जी फाट ऐकू येते तिचा मोठा भाग सीडीवरच छापलेला आहे आणि लॉसलेस प्रत तो इमानेइतबारे पुढे पोहोचवते. मात्र ‘मोठा भाग’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. या अल्बमच्या बाबतीत मूळ दोषावर आपल्या घरचे तीन-चार दोष बेमालूम चढतात, ते मूळ दोषासारखेच ऐकू येतात, आणि ते मात्र सहज दुरुस्त होण्यासारखे असतात. “तो अल्बमच तसा आहे” म्हणून सोडून देणारे आणि पाचव्यांदा रिप करत बसणारे असे दोघेही इथेच चुकतात.

मूळ दोष कसा घडला

सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलसाठी ४४,१०० नमुने, म्हणजे लाटेच्या उंचीची मोजमापे, साठवलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे −३२,७६८ ते +३२,७६७ यांमधला एक आकडा असतो. या मर्यादेपलीकडे आकडाच नसल्यामुळे ध्वनीची लाट त्याहून उंच गेली की तिचा माथा छाटला जातो आणि जिथे गोलाई असायला हवी तिथे सपाट पठार उरते. यालाच क्लिपिंग म्हणतात. सपाट माथ्याच्या दोन्ही टोकांना लाटेला धारदार कोपरे येतात, त्या कोपऱ्यांतून मूळ वादनात नसलेले वरच्या पट्टीतले स्वर जन्मतात, आणि कानाला चरचर म्हणून जाणवतात ते हेच स्वर.

एखाद-दुसरा माथा छाटला गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ड्रमचा ठोका मुळातच क्षणभराचा आणि गोंगाटाचा असतो. ‘कॅलिफोर्निकेशन’मध्ये माथे एकामागून एक छाटलेले आहेत, आणि तेही जिथे मानवी आवाज आणि स्वच्छ गिटार पुढे आहे अशा ठिकाणी. मानवी आवाजातली खोट कान लगेच पकडतो. १९९० च्या दशकात प्रत्येक रेकॉर्ड कंपनीला आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी असे वाटू लागले होते. कमाल आकडा सर्वांना सारखाच असल्याने मोठा आवाज मिळवण्याचा मार्ग एकच उरतो: हळू भाग वर ओढायचा आणि उंच माथे दाबायचे किंवा छाटायचे. या चढाओढीवर पुढे जे लिहिले गेले त्यात या अल्बमचे नाव हटकून येते. तो नव्याने मास्टर करून, म्हणजे विक्रीपूर्वीची अंतिम ध्वनिप्रत पुन्हा घडवून, द्यावा, अशी मागणी करणारा विनंतीअर्जही श्रोत्यांनी ऑनलाइन फिरवला होता. अल्बमची निर्मिती रिक रुबिन यांची आणि सीडीचे मास्टरिंग व्लाडो मेलर यांचे आहे. ही नावे मी केवळ ओळख पटावी म्हणून देतो. त्या काळात आवाजाची पातळी एकट्या मास्टरिंग अभियंत्याच्या मर्जीने ठरत नसे, आणि या अल्बमबाबत आग्रह कोणाचा होता याचे तर्क करण्यात समस्या सोडवणाऱ्याचे काही काम अडलेले नाही.

डायनॅमिक रेंज मीटर नावाचे जे मोफत साधन आहे ते माथ्याची उंची आणि सरासरी पातळी यांतले अंतर एका आकड्यात सांगते. ही सीडी त्यावर ४ च्या आसपास येते. याच बँडचा आणि याच निर्मात्याचा १९९१ चा ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ मूळ सीडीवर त्याच्या दुपटीहून अधिक भरतो. हा जुना अल्बम पुढच्या पहिल्याच चाचणीत उपयोगी पडणार आहे.

पहिली चाचणी : आपली यंत्रणा निर्दोष आहे का

त्याच प्लेअरवर, त्याच हेडफोनवर, आवाज कानाला सारखाच मोठा वाटेल असा लावून १९९१ च्या अल्बमची मूळ सीडी किंवा तिची लॉसलेस प्रत ऐकावी. ती जुन्याच मास्टरची असल्याची खात्री करून घ्यावी, कारण नंतर नव्याने चढवलेल्या आवृत्तीशी तुलना केली तर चाचणीच निरर्थक ठरते. तिथेही चरचर असेल तर दोष हेडफोन, ॲम्प्लिफायर किंवा प्लेअरच्या मांडणीत आहे आणि ‘कॅलिफोर्निकेशन’ला दोष देण्याचे कारण नाही. तिथे आवाज स्वच्छ असेल तर यंत्रणा ढोबळमानाने ठीक आहे. मी ‘ढोबळमानाने’ म्हणतो, कारण काही यंत्रणा फक्त कमाल पातळीला चिकटून चालणाऱ्या सीडीवरच घसरतात. त्याबद्दल पुढे येईल.

‘कॅलिफोर्निकेशन’मधले कोणते गाणे तपासणीला घ्यावे यातही गफलत होते. पुष्कळ जण पहिलेच गाणे, ‘अराउंड द वर्ल्ड’, लावतात आणि सुरुवातीलाच फाटका बास ऐकून हताश होतात. तो बास फ्लीने मुद्दाम फाटका ठेवलेला आहे. ती वाजवण्याची शैली आहे, मास्टरिंगचा अपघात नव्हे. तपासणीसाठी शीर्षकगीत घ्यावे, किंवा ‘स्कार टिश्यू’ घ्यावे. त्यात जॉन फ्रुशांते याची गिटार स्वच्छ आहे, त्यामुळे तिच्याभोवतीची चरचर उपरी आहे हे लगेच कळते. उलट बाजूने पडताळा हवा असेल तर शेवटचे ‘रोड ट्रिपिन’’ लावावे. त्यात चॅड स्मिथचे ड्रम नाहीत. माथे उंचावणारे ठोके नाहीत, म्हणून तिथे कान सुखावतो. पंधरापैकी पंधराही गाणी, हे शेवटचे धरून, एकसारखी फाटत असतील तर मात्र ते मास्टरिंगचे लक्षण नाही आणि शोध आपल्या घरातच घ्यायला हवा.

दुसरी चाचणी : रिप

ओरखडलेली सीडी आणि क्लिप झालेले मास्टर यांच्या आवाजात फरक आहे, आणि तो एकदा ऐकला की विसरला जात नाही. वाचन-दोषातून टक् असा एकटा आवाज येतो, क्षणभर शांतता पडते किंवा सूर अडखळतो. हे ठरावीक सेकंदाला घडते, संगीत हळू असो वा मोठे, त्याला त्याची फिकीर नसते. क्लिपिंग संगीताबरोबर चढते-उतरते. ध्रुवपदात येते आणि कडव्यात विरते.

तरी कानावर विसंबून राहण्याची गरज नाही. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर हे प्रोग्राम रिप केलेल्या प्रत्येक ट्रॅकची चेकसम, म्हणजे त्यातल्या सगळ्या आकड्यांवरून निघणारी ओळखखूण, काढतात आणि ॲक्युरेटरिप या सामायिक नोंदवहीशी ताडून पाहतात. जगभरच्या लोकांनी आपापल्या सीडीतून काढलेल्या चेकसम तिथे साठवलेल्या असतात. ज्या अल्बमच्या दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या त्याची नोंद तिथे सापडणार नाही असे होत नाही. वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या ड्राइव्हमधल्या वेगवेगळ्या चकत्यांवरून निघालेला आकडा आपल्या आकड्याशी जुळला, तर आपल्या चकतीवर ओरखडा असल्याचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. जुळलेल्या रिपमध्येही चरचर ऐकू येत असेल तर ती चरचर सर्वांच्याच सीडीवर आहे. या एका वाक्याने माझी चौथी रिप वाचली.

जुळणी झाली नाही तर घाबरून जाऊ नये. एकाच मास्टरच्या निरनिराळ्या छपाईत नमुन्यांची सुरुवात थोडी मागेपुढे सरकलेली असते आणि ड्राइव्हचा स्वतःचा वाचन-सरकाव म्हणजे ऑफसेट चुकीचा नोंदला असेल तरीही चेकसम बदलते. अशा वेळी ड्राइव्हचा ऑफसेट तपासून घ्यावा किंवा क्यूटूल्स या प्रोग्रामच्या नोंदवहीशी ताडून पाहावे. ती सरकाव लक्षात घेऊन तुलना करते. एखाद-दुसराच ट्रॅक जुळत नसेल आणि बाकी जुळत असतील तर मात्र तो खरा वाचन-दोष आहे. चकती आतून बाहेरच्या दिशेने सरळ रेषेत मऊ कापडाने पुसून सुरक्षित पद्धतीने तेवढाच ट्रॅक पुन्हा काढावा.

फ्लॅक फाइलच साठवणुकीत बिघडली असण्याची शंका असेल तर तिचे निरसन त्याहून सोपे आहे. फ्लॅक हे स्वरूप २००१ पासून वापरात आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट मानक-संस्थेने त्याचे अधिकृत विवरण प्रसिद्ध केले. फाइलच्या सुरुवातीलाच मूळ, न दाबलेल्या ध्वनीची एमडी५ खूण लिहून ठेवण्याची त्यात सोय आहे. फ्लॅकच्या साधनातला ‘टेस्ट’ पर्याय चालवला की फाइल उलगडून ती खूण पुन्हा काढली जाते आणि जुळते की नाही ते कळते. खूण जुळणे म्हणजे एन्कोडरला जे दिले गेले तेच आजही बाहेर येते आहे, एवढेच. जे दिले गेले ते सीडीवरून आले होते की नाही, हे ती खूण सांगू शकत नाही. संपीडनाची पातळी ० ठेवली की ८ यानेही आवाजात तिळमात्र फरक पडत नाही. त्यातून फक्त फाइलचा आकार आणि रूपांतराला लागणारा वेळ बदलतो.

इथे एक गैरसमज वाटेत येतो, तो बाजूला करतो. या अल्बमच्या फ्लॅक फाइलचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, बराच वर, कित्येकदा १,००० किलोबिटच्या आसपास किंवा पुढे दिसतो, आणि तो पाहून “म्हणजे दर्जा उत्तम असणार” असा निष्कर्ष काढला जातो. फ्लॅक पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधून फक्त चुकलेला भाग साठवते. सतत मोठ्या आवाजात, कोपऱ्याकोपऱ्यांनी भरलेल्या लाटेचा अंदाज बांधणे कठीण जाते आणि म्हणून फाइल फुगते. साधारण ५६ मिनिटांच्या या सीडीचा न दाबलेला ऐवज सुमारे ६०० एमबी होतो. तो फ्लॅकमध्ये जेवढा कमी आटतो तेवढा त्यात गोंगाट जास्त, असे समजायला हरकत नाही. तंबोऱ्याच्या साथीने गायलेल्या ख्यालाची फ्लॅक फाइल याहून कितीतरी लहान निघते आणि ऐकायला कितीतरी निर्मळ असते.

तिसरी चाचणी : फ्लॅकच्या वेशातली एमपी३

फाइल आपण स्वतः रिप केलेली असेल तर ही पायरी सोडून द्यावी. कोणाकडून आलेली, जुन्या हार्डडिस्कवर सापडलेली, कुळगोत्र माहीत नसलेली फाइल असेल तर ती स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये उघडून वर्णपट, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे याचे चित्र, पाहावा. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला असतो आणि तशी फाइल फ्लॅकमध्ये बदलली तरी गेलेला भाग परत येत नाही. चित्रात सरळ आडवी रेघ दिसते. ३२० किलोबिटची रेघ २० किलोहर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे ती ओळखायला नजर सरावलेली लागते.

या अल्बमच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. माथे छाटल्यामुळे जन्मलेले वरचे स्वर वर्णपटाच्या पार टोकापर्यंत पोहोचतात, त्यामुळे अस्सल सीडीचे चित्र वरपर्यंत भरगच्च दिसते आणि ठोक्यागणिक उभ्या रेघा उमटतात. भरगच्च चित्र हे अस्सलपणाचे लक्षण म्हणून चालेल, चांगल्या आवाजाचे म्हणून नव्हे. आणि एमपी३तून आलेली नकली फ्लॅक या अल्बममध्ये मूळ सीडीपेक्षाही वाईट फाटते. त्याचे कारण असे की एमपी३ उलगडताना लाटेचा आकार किंचित बदलतो, आधीच कमाल रेषेला टेकलेले माथे रेषेच्या वर उसळतात आणि फ्लॅक करणाऱ्याने ते पुन्हा १६ बिटांत कोंबले की दुसऱ्यांदा छाटले जातात. म्हणून कुळगोत्र माहीत नसलेल्या प्रतीवरून अल्बमची परीक्षा करू नये. सीडी आजही स्वस्तात मिळते.

चौथी चाचणी : आपल्याकडे होणारी भर

बहुतेक वेळा सुधारणा इथेच हाती लागते, म्हणून ही चाचणी घाईत उरकू नये.

सर्वप्रथम इक्वलायझर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या वर-खाली करणारी सोय. ‘रॉक’ किंवा ‘बास बूस्ट’ नावाचा तयार साचा खालच्या आणि वरच्या पट्ट्या ५-६ डेसिबलने उचलतो. ज्या अल्बममध्ये माथ्यावर बोटभर जागा मोकळी आहे तिथे हे खपून जाते. ‘कॅलिफोर्निकेशन’मध्ये माथ्यावर जागाच नाही, त्यामुळे उचललेला प्रत्येक डेसिबल थेट छाटला जातो. इक्वलायझर ठेवायचाच असेल तर त्याची प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळीची सरकपट्टी, सर्वांत जास्त उचललेल्या पट्टीइतकी तरी, उणे बाजूला ओढावी. ६ डेसिबल उचलले असतील तर प्रीॲम्प −६. मोबाइलमधली ‘ध्वनिवर्धन’ सदराखालची बटणे आणि विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट ही त्याच जातीची भर घालतात. तपासणीपुरती तरी ती सगळी बंद करावीत.

त्यानंतर एक सूक्ष्म प्रकार आहे, जो मला स्वतःला पुष्कळ उशिरा कळला. सीडीवर आहेत ते फक्त नमुन्यांचे ठिपके. त्या ठिपक्यांतून सलग लाट काढण्याचे काम डॅक, म्हणजे आकड्यांचे विद्युत-लहरीत रूपांतर करणारी चिप, करते. दोन शेजारचे ठिपके कमाल रेषेला टेकलेले असतील तर त्यांमधून जाणारी गोलाई रेषेच्या वर जाऊ शकते. काही डॅकमध्ये या उसळीला सामावून घेण्याइतकी जागा ठेवलेली असते, काहींत नसते, आणि नसेल तिथे सीडीवर नसलेली नवी फाट तयार होते. १९९१ च्या अल्बमवर निर्दोष ठरलेली यंत्रणा फक्त इथेच का अडखळते, याचे उत्तर हे आहे.

पडताळा सोपा आहे. प्लेअरमधला सॉफ्टवेअर आवाज ४ डेसिबलने खाली आणावा आणि तेवढाच ॲम्प्लिफायरचा वर न्यावा, म्हणजे कानाला आवाज होता तेवढाच राहील. चरचर कमी झाली तर जेवढी कमी झाली तेवढी आपल्या डॅकची होती. काहीच फरक पडला नाही तर उरलेली सगळी सीडीवरची आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या हेडफोन-खाचेवर हा फरक ठळक होता, घरच्या वेगळ्या डॅकवर जवळजवळ नव्हता. ब्लूटूथ हेडफोन असेल तर हाच प्रयोग अवश्य करावा, कारण तिथे लॉसलेस फाइलचे पाठवण्यापूर्वी बहुधा लॉसी, म्हणजे काही माहिती गाळणारे, संपीडन होते आणि उलगडताना एमपी३च्या बाबतीत वर सांगितलेली उसळी परत घडते.

या दोन्हींवर कायमचा इलाज रिप्लेगेन हा आहे. ही पद्धत डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये सुचवली. प्रोग्राम अल्बमची सरासरी पातळी मोजतो आणि प्लेअरने आवाज किती वर-खाली करावा हे फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. ध्वनीच्या आकड्यांना हात लागत नाही, त्यामुळे वर सांगितलेली एमडी५ खूणही जशीच्या तशी राहते. ‘कॅलिफोर्निकेशन’साठी हा आकडा उणे १० डेसिबलच्या घरात निघतो, म्हणजे डॅकला उसळीसाठी आणि इक्वलायझरला हात-पाय पसरण्यासाठी आपोआप जागा मिळते. फूबार२००० या प्लेअरमध्ये सर्व ट्रॅक निवडून अल्बम म्हणून मोजणी करावी. ट्रॅकनिहाय मोजणी केली तर ‘पोर्सेलेन’सारखे हळुवार गाणे शेजारच्या दणदणीत गाण्याइतके वर चढते आणि अल्बमचा तोल जातो. मोजणी झाल्यावर प्लेअरच्या सेटिंगमध्ये रिप्लेगेन चालू केले आहे ना, हेही पाहावे. टॅग लिहून ठेवायचे आणि सेटिंग बंद ठेवायचे, असे मी सहा महिने केले होते.

रिप्लेगेन लावल्यावर हा अल्बम १९९१ च्या अल्बमइतक्याच आवाजात वाजतो आणि मग कळते की ज्या मोठेपणासाठी माथे छाटले तो मोठेपणा उरलाच नाही. स्ट्रीमिंग सेवाही आज सर्व गाणी एका ठरावीक पातळीला आणून वाजवतात, त्यामुळे तिथेही तेच होते.

डोळ्यांनी खात्री

कानावर विश्वास बसत नसेल त्याने शीर्षकगीताची फाइल ऑडॅसिटीत उघडावी, ‘व्ह्यू’ मेनूतून क्लिपिंग दाखवण्याचा पर्याय चालू करावा आणि ध्रुवपदाच्या ठिकाणी एकेक नमुना ठिपक्यासारखा दिसेपर्यंत मोठे करून पाहावे. कमाल रेषेला किंवा तिच्या अगदी खाली अनेक ठिपके ओळीने एकाच उंचीवर दिसतील. त्यातही सपाट माथे रेषेच्या जरा खाली असतील तर ऑडॅसिटी त्यांना लाल दाखवत नाही, कारण छाटून झाल्यावर पातळी थोडी उतरवलेली असू शकते. प्रोग्राम “क्लिपिंग आढळले नाही” म्हणाला म्हणजे क्लिपिंग नाही असे समजू नये, आकार पाहावा.

हीच नजर “रिमास्टर” किंवा “२४ बिट” अशी चिठ्ठी लावलेल्या प्रतीकडेही वळवावी. २४ बिटांनी खालच्या बाजूला, म्हणजे अतिशय हळू आवाजांसाठी, जागा वाढते. वरची कमाल रेषा आहे तिथेच राहते. छाटलेले मास्टर २४ बिटांत भरले तर छाटलेलेच निघते. विकत घेण्यापूर्वी कळण्याचा खात्रीचा मार्ग नसला तरी घेतल्यानंतर कळतो. १६ बिटांच्या दोन प्रती असतील तर फूबार२००० मधला बिट-तुलनेचा जोडभाग वापरावा. नमुना-दर वेगळा असेल तर दोन्ही प्रतींचे तेच दहा सेकंद एकाखाली एक ठेवून माथ्यांचा आकार पाहावा. माथे दोन्हीकडे त्याच ठिकाणी सपाट असतील तर पैसे चिठ्ठीला गेले.

उरलेल्या फाटेचे काय करावे

वरचे सगळे करून झाल्यावर जे उरते ते मास्टरमधले आहे आणि त्यावर पुरता इलाज नाही. उपाय आहेत ते वेगळा स्रोत शोधण्याचे किंवा जखम झाकण्याचे.

वेगळा स्रोत म्हणजे प्रामुख्याने २०१२ ची विनाइल आवृत्ती. तिचे मास्टरिंग ख्रिस बेलमन यांनी बर्नी ग्रंडमन मास्टरिंगमध्ये केले आणि ती सीडीपेक्षा मोकळी वाजते. ज्याच्याकडे बरा टर्नटेबल आहे त्याने ती घेऊन स्वतः लॉसलेस प्रत करावी, हा मला सर्वांत समाधानकारक मार्ग वाटतो. मात्र एक सावधगिरी हवी. विनाइलवरून केलेल्या प्रतीचा डायनॅमिक रेंज आकडा सीडीपेक्षा मोठा येतो आणि त्याला भुलू नये. सुई, पिकअप आणि फोनो-ॲम्प्लिफायर यांतून जाताना लाटेच्या वेगवेगळ्या पट्ट्या किंचित मागेपुढे सरकतात, सपाट पठार तिरके होते आणि मीटरला तिथे उंच माथा असल्याचा भास होतो. छाटलेल्या मास्टरवरून कापलेली तबकडीसुद्धा मीटरवर गुण मिळवून जाते. तिरकी पण सरळ पठारे दिसली तर मास्टर तेच जुने, खऱ्या गोलाया दिसल्या तर वेगळे. २०१२ च्या तबकडीबाबत मी आकड्याऐवजी कानावर आणि या आकारावर विश्वास ठेवला.

मास्टरिंगपूर्वीची म्हणून ओळखली जाणारी एक प्रतही अनेक वर्षे इंटरनेटवर फिरते आहे. ती बँडने किंवा कंपनीने प्रसिद्ध केलेली नाही. तिची लॉसलेस म्हणवणारी फाइल कशाशी ताडून पाहावी याला आधार नाही, कारण तिची सीडीच कधी विक्रीला आली नाही. तिच्यावर तिसऱ्या चाचणीतले सगळे आक्षेप लागू होतात, शिवाय ती विनापरवाना आहे. मी तिला उपायांत धरत नाही.

जखम झाकण्यासाठी डिक्लिपर असतात. ऑडॅसिटीतला ‘क्लिप फिक्स’ मोफत आहे, आयझोटोप आरएक्समधला डिक्लिप विकतचा आणि अधिक हुशार आहे. दोघेही पठाराच्या अलीकडचा-पलीकडचा उतार पाहून मधला माथा कसा असेल याचा अंदाज बांधतात. पठार दोन-चार नमुन्यांचे असेल तर अंदाज बरा जमतो, लांब असेल तर तो नवीच कुजबुज निर्माण करतो. वापरायचेच असेल तर आधी पातळी ८-१० डेसिबलने उतरवून नव्या माथ्यांना जागा करून द्यावी, काम ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे कमाल रेषेवरचे आकडेही मावतील अशा स्वरूपात, करावे, शेवटी २४ बिटांत साठवावे आणि मूळ फ्लॅकवर ही प्रत कधीही लिहू नये. शीर्षकगीतावर मला यातून थोडा फायदा जाणवला, ‘गेट ऑन टॉप’वर अजिबात नाही.

रोजच्या ऐकण्यासाठी मी शेवटी साधी व्यवस्था ठेवली आहे: मूळ सीडीची जुळलेली रिप, अल्बम रिप्लेगेन, आणि ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्टीत २ डेसिबलची उतरण, कारण चरचर तिथे सर्वांत जास्त टोचते. त्याहून खोल उतरण दिली तर झांजा आणि कीडिसची व्यंजने दोन्ही मंद होतात.

आणि एक काम रिप झाल्याच्या दिवशीच करावे. फ्लॅकच्या टॅगमध्ये शेऱ्याची ओळ असते. तिथे ड्राइव्हचे नाव, ॲक्युरेटरिप जुळल्याची तारीख आणि “फाट सीडीवरचीच, पुन्हा रिप करू नये” एवढे लिहून ठेवावे. रिपचा लॉग त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. माझ्या फाइलींत ही ओळ तिसऱ्या रिपनंतर आली, आणि गेल्या दिवाळीत नवा हेडफोन आला तेव्हा सीडी कपाटातून बाहेर काढल्यावर ती वाचून पुन्हा आत ठेवली.